मराठी एफआयआर, साकेत कोर्ट आणि एक ट्रान्झिट रिमांड: गौतम नवलखा प्रकरण नीट समजून घेऊया

पोलिसांना अटक करायची असेल तर आधी कोर्टातून वॉरंट आणावं लागतं असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात दखलपात्र गुन्हा असेल तर वॉरंटची गरज नसते, पोलीस थेट उचलू शकतात, आणि गंभीर गुन्हे जवळपास सगळे दखलपात्रच आहेत. घरझडतीचंही साधारण तसंच, कोर्टाचं सर्च वॉरंट हा एक रस्ता आहे पण तपास अधिकाऱ्याला वाटलं की वॉरंट आणेपर्यंत वस्तू गायब होतील तर तो कारणं लिहून ठेवून स्वतःच झडती घेऊ शकतो (सीआरपीसी या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 165, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं 185). मग न्यायाधीश या सगळ्यात नक्की येतो कधी? तर अटक झाल्यावर, 24 तासांच्या आत, रिमांडच्या वेळी, म्हणजे पोलीस त्या माणसाला पुढे कोठडीत ठेवायची परवानगी मागतात तेव्हा. म्हणजे आपल्याकडे अटकेवरची पहिली न्यायालयीन नजर ही अटकेनंतर पडते, आणि म्हणूनच त्या पाच-दहा मिनिटांत मॅजिस्ट्रेट काय वाचतो, काय विचारतो आणि काय लिहितो यावर सगळं अवलंबून असतं. त्याने न वाचता सही केली तर मग कुणीच काही तपासलेलं नसतं, हे इतकं सरळ आहे.

हे मी ज्या केसवरून सांगतोय ती पुण्यातूनच सुरू झालेली आहे. गौतम नवलखा विरुद्ध राज्य, दिल्ली हायकोर्ट, निकाल 1 ऑक्टोबर 2018, न्या. एस. मुरलीधर आणि न्या. विनोद गोयल यांचं खंडपीठ. एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणावर इतकं बोललं गेलंय की प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीलाच सांगतो, पत्रकार आणि मानवाधिकार कार्यकर्ते असलेल्या नवलखांवरचे आरोप खरे की खोटे यावर मी इथे एक शब्दही लिहिणार नाही. दिल्ली हायकोर्टानेही त्या निकालात ते तपासलं नव्हतं. प्रश्न एवढाच होता की 28 ऑगस्ट 2018 ला दिल्लीतल्या एका मॅजिस्ट्रेटने त्यांना पुण्याला न्यायची परवानगी दिली ती देताना कायद्याने जे बघायला सांगितलंय ते बघितलं का.

आधी थोडी पार्श्वभूमी. 31 डिसेंबर 2017 ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी म्हणजे 1 जानेवारी 2018 ला, 1818 च्या लढाईला 200 वर्षं होत होती त्या दिवशी, भीमा कोरेगाव परिसरात हिंसाचार झाला. 8 जानेवारीला पुण्याच्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदला गेला, सुरुवातीची कलमं आयपीसीची, 153 अ, 505 वगैरे, गटागटांत तेढ निर्माण करणं या स्वरूपाची. नंतर मार्चमध्ये कटाचं कलम लागलं, एप्रिलमध्ये वेगवेगळ्या शहरांत झडत्या झाल्या आणि मे महिन्यात यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लागला. इथे केसचं वजनच बदललं कारण यूएपीएमध्ये जामीन जवळपास अशक्य होऊन बसतो. 6 जूनला पहिल्या पाच अटका झाल्या. मग 28 ऑगस्टला पुणे पोलिसांच्या टीम एकाच दिवशी हैदराबाद, फरिदाबाद, मुंबई, ठाणे आणि दिल्लीत पोचल्या आणि वरवरा राव, सुधा भारद्वाज, व्हर्नन गोन्साल्विस, अरुण फरेरा आणि गौतम नवलखा या पाच जणांना अटक झाली.

आता दिल्लीतला घटनाक्रम बघा. नवलखांच्या घरी झडती झाली, दुपारी त्यांना अटक दाखवली गेली आणि साकेत कोर्टात चीफ मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेटपुढे ट्रान्झिट रिमांडचा अर्ज आला, तो मंजूर झाला, 30 ऑगस्टपर्यंत पुण्याच्या कोर्टात हजर करा असा आदेश. इकडे त्याच दुपारी त्यांच्या वकिलांनी दिल्ली हायकोर्टात हेबियस कॉर्पस (बेकायदा कोठडीतून सोडवण्यासाठीची याचिका) तातडीच्या सुनावणीसाठी मांडली होती, ती संध्याकाळच्या सुमारास सुनावणीला आली. हायकोर्टाने समोरचे कागद बघितले तर काय, एफआयआर आणि बाकीचे बरेचसे कागद मराठीत, मॅजिस्ट्रेटला दिलेला अर्ज तेवढा हिंदीत. हायकोर्टाने त्या दिवशीच्या आदेशात स्पष्ट नोंदवलं की या कागदांवरून या माणसाविरुद्ध नेमकी केस काय आहे हे समजणं शक्य नाही. म्हणून मग त्यांना दिल्लीबाहेर न्यायचं नाही, त्यांच्याच घरी पोलीस पहाऱ्यात ठेवायचं, वकील आणि घरात नेहमी राहणारी माणसं सोडून कुणी भेटायचं नाही असा हंगामी आदेश झाला.

ट्रान्झिट रिमांड ही काय भानगड आहे ते इथे सांगायला हवं कारण हा शब्द बातम्यांत रोज येतो पण सीआरपीसीच्या रिमांडच्या कलमात तो तुम्हाला सापडणार नाही. राज्यघटनेचं कलम 22(2) सांगतं की अटक केलेल्या माणसाला 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं आणि त्याच्या परवानगीशिवाय पुढे एक मिनिटही डांबून ठेवायचं नाही. सीआरपीसीच्या कलम 167 मध्ये (आता बीएनएसएसचं 187) असं आहे की हा मॅजिस्ट्रेट ती केस चालवायचा अधिकार असलेला असो वा नसो, तो तात्पुरती कस्टडी देऊ शकतो. तर बाहेरच्या राज्यातले पोलीस येऊन इथल्या माणसाला पकडतात तेव्हा इथला मॅजिस्ट्रेट प्रवासापुरती कस्टडी देतो, त्याला व्यवहारात ट्रान्झिट रिमांड म्हणायची पद्धत पडली. आणि प्रॅक्टिसमध्ये याकडे निव्वळ प्रवासाचा पास म्हणून बघितलं जातं, खरी सुनावणी तिकडे होईल, इथे फक्त पाठवून द्यायचं अशी मनोवृत्ती. राज्याच्या वतीने हायकोर्टात झालेला युक्तिवादही साधारण या अंगानेच होता, की ट्रान्झिट रिमांड देणाऱ्या मॅजिस्ट्रेटने पुरावे पुरेसे आहेत का यात शिरायचं नसतं, आणि शिवाय एकदा न्यायालयाने रिमांड दिला की त्याविरुद्ध हेबियस कॉर्पस चालत नाही.

दुसरा मुद्दा हलका नव्हता, तो नीट समजून घेऊ. सुप्रीम कोर्टाचे जुने निकाल आहेत, मनुभाई रतिलाल पटेल विरुद्ध गुजरात हा त्यातला एक, की माणूस न्यायालयाच्या आदेशाने कोठडीत असेल तर ती कोठडी बेकायदा म्हणता येत नाही. पण त्यात एक अपवाद पहिल्यापासून आहे, रिमांडचा आदेश यांत्रिकपणे, डोकं न वापरता दिला असेल किंवा अधिकाराबाहेर असेल तर हेबियस चालते. म्हणजे सगळं येऊन ठेपलं त्या साकेतच्या मॅजिस्ट्रेटच्या छोट्याशा आदेशावर. त्याने डोकं वापरलं होतं का?

आणि इथे केस डायरी येते. कलम 167(1) नुसार पोलिसांनी आरोपीला हजर करताना केस डायरीतल्या संबंधित नोंदींची प्रत मॅजिस्ट्रेटकडे द्यायची असते. ही डायरी म्हणजे तपास अधिकाऱ्याची रोजनिशी, कुणाला भेटलो, काय मिळालं, या माणसावर संशय का आला. आरोपीला ती बघायला मिळत नाही, वकिलाला मिळत नाही, म्हणूनच ती बघण्याची जबाबदारी पूर्णपणे मॅजिस्ट्रेटवर आहे, त्या खोलीत आरोपीच्या वतीने ती वाचू शकणारा दुसरा माणूसच नसतो. हायकोर्टाने म्हटलं की मॅजिस्ट्रेटच्या आदेशात त्याने केस डायरी बघितल्याचं काही दिसत नाही, आणि ती होती मराठीत, तर बघून तरी काय समजणार होतं. आरोपी दोषी आहे का हे तपासायची अपेक्षा नाहीच, ते हायकोर्टानेही मान्य केलं, पण प्रथमदर्शनी याचा त्या गुन्ह्याशी काही संबंध दिसतो का, अटकेचे नियम पाळले का, कारणं सांगितली का, आवडीचा वकील मिळाला का, एवढं तरी बघायलाच लागतं, आणि ट्रान्झिट रिमांड हाही रिमांडच आहे, त्यालाही हे सगळं लागू. घटनेच्या 22(1) मध्ये अटकेची कारणं सांगणं आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येणं या दोन्ही गोष्टी बंधनकारक आहेत. त्यावर या प्रकरणात अंमल झालेला नाही असं हायकोर्टाने ठरवलं आणि रिमांडचा आदेश रद्द केला. आदेशच रद्द झाला म्हटल्यावर मागे उरली ती 24 तासांच्या वर गेलेली विनापरवाना कोठडी, ती टिकण्यासारखी नाही, त्यामुळे स्थानबद्धता तिथेच संपली. महाराष्ट्र सरकारच्या वकिलांनी स्थानबद्धता आणखी दोन दिवस वाढवून मागितली ती मिळाली नाही. पुढे कायदेशीर मार्गाने कारवाई करायला राज्याला मोकळीक आहे हेही निकालात लिहिलंय.

आता मला यात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. एफआयआर मराठीत होता यात पुणे पोलिसांची काहीच चूक नाही. विश्रामबागला एफआयआर मराठीतच होणार, तीच राज्याची भाषा, तीच तिथल्या कोर्टाची भाषा, आणि फिर्यादीला, पंचांना, साक्षीदारांना समजेल अशा भाषेत कागद असणं ही आपली हक्काची गोष्ट आहे. त्या वेळी काही इंग्रजी चॅनलवर असा सूर होता की बघा यांनी मराठीत कागद दिले, जणू मराठी म्हणजेच काहीतरी लपवाछपवी. ते मला अजिबात पटलेलं नाही. चूक इथे आहे की टीम पुण्याहून निघाली तेव्हा आपण दिल्लीच्या कोर्टात उभे राहणार आहोत हे माहीत होतं, एफआयआर आठ महिने जुना होता, पाच शहरांत एकाच दिवशी अटका करायचं प्लॅनिंग आदल्या रात्रीत झालं नसणार, तेवढ्या वेळात दहा-वीस पानांचं हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर करून घेणं काय अवघड होतं? आणि समजा नाही केलं, घाई होती, तर मॅजिस्ट्रेटने विचारायला हवं होतं की मला हे वाचता येत नाही, मराठी येणारा माणूस आणा, मग बघू. दिल्लीत मराठी वाचणारा माणूस तासाभरात मिळत नाही का? 24 तासांपैकी बराच वेळ हातात होता, दुपारी तर अटक झालेली. संध्याकाळपर्यंत थांबून, वाचून घेऊन, दोन प्रश्न विचारून मग दिला असता रिमांड तर कदाचित हायकोर्टात तो टिकलाही असता.

मॅजिस्ट्रेटच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो. रोजचा बोर्ड बघितला आहे का कधी तालुक्याच्या किंवा मोठ्या शहरातल्या मॅजिस्ट्रेटचा? चेक बाउन्स, किरकोळ मारामाऱ्या, जामीन, त्यात मध्येच रिमांडची गर्दी, पोलीस घाईत, सरकारी वकील घाईत. यूएपीएसारखं कलम दिसलं की कुणालाच आपल्या सहीने आरोपी सुटला असं व्हायला नको असतं. हे सगळं खरं आहे आणि माणूस म्हणून समजण्यासारखं आहे. पण वॉरंट नसताना, म्हणजे आधीची कुठलीही न्यायालयीन तपासणी झालेली नसताना, ही एकच जागा आहे. तीच जागा घाईत गेली तर मग सगळा प्रकार वरातीमागून घोडं होतो, आधी माणूस उचलायचा, नंतर कागद, आणि तेही कुणी न वाचलेले.

सुप्रीम कोर्टातही समांतर काहीतरी चालू होतं ते थोडक्यात. रोमिला थापर, देवकी जैन, प्रभात पटनाईक, सतीश देशपांडे आणि माजा दारूवाला यांनी याचिका केली, 29 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने पाचही जणांना घरातच स्थानबद्ध ठेवायला सांगितलं, त्यामुळे दिल्ली हायकोर्टातली सुनावणीही थांबली. 28 सप्टेंबरला 2 विरुद्ध 1 असा निकाल आला, न्या. खानविलकर आणि सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांनी एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमायला नकार दिला, आरोपीला तपास यंत्रणा निवडता येत नाही म्हणाले, आणि संबंधित कोर्टात दाद मागायला चार आठवडे दिले. त्यातूनच नवलखांची हेबियस पुन्हा सुरू झाली आणि तीन दिवसांत निकाल लागला. न्या. चंद्रचूड यांचं मत वेगळं होतं, ते अल्पमतातलं असल्याने कायदा म्हणून लागू नाही, पण त्यातला एक मुद्दा आपल्याला सोडता येणार नाही. अटक आणि झडतीचे पंच म्हणून जे दोघे होते ते पुणे महापालिकेचे कर्मचारी, पोलिसांच्याच टीमबरोबर पुण्याहून आलेले.

ज्यांनी कधी पंचनाम्यावर सही केली आहे त्यांना हे लगेच कळेल. पंच कशासाठी असतो? झडतीच्या ठिकाणचा, त्या भागातला प्रतिष्ठित माणूस, ज्याचं पोलिसांशी देणंघेणं नाही, त्याने बघायचं की लॅपटॉप खरंच याच कपाटातून निघाला, सील याच्यासमोर लागलं. अटकेच्या मेमोवरही, सीआरपीसीच्या कलम 41 ब नुसार (आता बीएनएसएसचं 36), घरातल्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष लागते. दिल्लीतल्या घरातली झडती आणि पंच पुण्याच्या महापालिकेतले, तर मग स्थानिक माणसाची अट राहिली कुठे? वॉरंट नसलेल्या झडतीत पंच हा जवळपास एकटाच बाहेरचा डोळा असतो, आणि या संपूर्ण केसमध्ये जप्त केलेली इलेक्ट्रॉनिक साधनं हाच पुराव्याचा मुख्य भाग आहे, म्हणजे झडती कशी झाली हा प्रश्न दुय्यम नव्हता.

पुढे काय झालं? बऱ्याच लोकांना वाटतं नवलखा 2018 ला सुटले म्हणजे जिंकले. तसं झालं नाही. त्यांनी एफआयआरच रद्द करा म्हणून मुंबई हायकोर्टात याचिका केली ती 13 सप्टेंबर 2019 ला न्या. रणजित मोरे आणि न्या. भारती डांगरे यांनी फेटाळली. जानेवारी 2020 मध्ये तपास एनआयए या केंद्रीय तपास यंत्रणेकडे गेला. अटकपूर्व जामीन मुंबई हायकोर्टात नाकारला गेला, मार्चमध्ये सुप्रीम कोर्टातही, आणि 14 एप्रिल 2020 ला, लॉकडाऊन चालू असताना, त्यांनी दिल्लीत एनआयएपुढे शरणागती पत्करली. मग तळोजा जेल.

आणि मग आला तो मुद्दा जो वाचून मी खरंच अस्वस्थ झालो. कलम 167(2) प्रमाणे ठराविक दिवसांत चार्जशीट आली नाही तर आरोपीला आपोआप जामिनाचा हक्क मिळतो, याला डिफॉल्ट जामीन म्हणतात. नवलखांच्या वकिलांनी हिशोब मांडला, 2018 मधली स्थानबद्धता 34 दिवस, एनआयए कोठडी 11 दिवस, त्यानंतर न्यायालयीन कोठडी 48 दिवस, एकूण 93, म्हणजे 90 दिवस उलटून गेले आणि चार्जशीट नाही, जामीन द्या. स्पेशल कोर्टाने जुलै 2020 मध्ये नाही म्हटलं. मुंबई हायकोर्टाने 8 फेब्रुवारी 2021 ला (न्या. एस. एस. शिंदे, न्या. एम. एस. कर्णिक) नाही म्हणताना कारण दिलं ते असं की दिल्ली हायकोर्टाने ती कोठडी बेकायदा ठरवली आहे, आणि 167 मध्ये मोजायची असते ती मॅजिस्ट्रेटने अधिकृतपणे दिलेली कोठडी, मग बेकायदा कोठडी त्यात कशी धरणार.

परत वाचा हे. माणूस 34 दिवस पोलीस पहाऱ्यात घरात अडकून होता, तो बेकायदा अडकला होता हे कोर्टाने सांगितलं, आणि तो बेकायदा अडकला होता म्हणूनच ते दिवस मोजायचे नाहीत. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या न वाचता केलेल्या आदेशाची किंमत कुणी मोजली तर ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच. रिमांडचा आदेश नीट असता, कायदेशीर ठरला असता, तर ते दिवस धरले गेले असते असा याचा अर्थ निघतो, आणि तो अर्थ कायद्याच्या भाषेत कितीही बरोबर बसवला तरी मला पचत नाही.

सुप्रीम कोर्टात 12 मे 2021 ला न्या. उदय लळित आणि न्या. के. एम. जोसेफ यांनी अपील फेटाळलं पण कारण थोडं वेगळं दिलं. त्यांनी म्हटलं की घरातली स्थानबद्धता ही 167 खालची कोठडी असू शकते, योग्य केसमध्ये, वय, तब्येत, आरोपाचं स्वरूप बघून कोर्टाने असा आदेश जरूर द्यावा, जेलमध्ये आधीच गर्दी आहे. फक्त या केसमध्ये 2018 ची स्थानबद्धता 167 खाली म्हणून दिलेलीच नव्हती, त्यामुळे ती धरता येत नाही. म्हणजे पुढच्यांसाठी दार उघडलं आणि ज्याची केस होती त्याला त्या वेळी काही मिळालं नाही. नंतर नोव्हेंबर 2022 मध्ये तब्येतीच्या कारणावरून त्यांना नवी मुंबईत स्थानबद्धतेत राहायची परवानगी मिळाली, डिसेंबर 2023 ला मुंबई हायकोर्टाने जामीन दिला, त्याला स्थगिती होती ती 14 मे 2024 ला सुप्रीम कोर्टाने उठवली, पण पहाऱ्याच्या खर्चापोटी 20 लाख रुपये भरायला सांगून.

याच केसमधली आणखी एक बाब, न्यायाधीशाचा अधिकार कसा निर्णायक ठरतो याची. सुधा भारद्वाज यांना डिसेंबर 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाने डिफॉल्ट जामीन दिला तो यासाठी की चार्जशीटसाठी मुदत वाढवून देणाऱ्या पुण्याच्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांना तो अधिकारच नव्हता, ते एनआयए कायद्याखाली नेमलेले विशेष न्यायाधीश नव्हते. काही लोक याला टेक्निकल ग्राउंड म्हणून हिणवतात. माझं म्हणणं असं की कुणाला तीन महिन्यांऐवजी सहा महिने आत ठेवायचं हे ठरवणारा माणूस ते ठरवायला नेमलेला आहे का, हा प्रश्न टेक्निकल कसा असेल?

2018 नंतर बदललं काय? काही गोष्टी खरंच बदलल्या. 2019 मध्ये संदीप कुमार केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने राज्याबाहेर जाऊन अटक करणाऱ्या पोलिसांसाठी सविस्तर सूचना घालून दिल्या. तरी फेब्रुवारी 2021 मध्ये पर्यावरण कार्यकर्ती दिशा रवीला बेंगळुरूतून उचलून तिथल्या मॅजिस्ट्रेटपुढे न नेता थेट दिल्लीला आणलं गेलं, 24 तासांत प्रवास सोडून दिल्लीच्या कोर्टात हजर केलं की झालं असं त्यामागचं गणित. मग 3 ऑक्टोबर 2023 ला पंकज बन्सल निकालात सुप्रीम कोर्टाने ईडीला सांगितलं अटकेची कारणं लेखी द्या, आणि 15 मे 2024 ला प्रबीर पुरकायस्थ निकालात तेच यूएपीएला लागू केलं. त्या केसमध्ये आरोपीला पहाटे न्यायाधीशांपुढे हजर करून रिमांड घेतला होता, त्यांच्या वकिलाला वेळेत कळवलंही नव्हतं, आणि न्या. भूषण गवई आणि न्या. संदीप मेहता यांनी अटक आणि रिमांड दोन्ही रद्द केले. 6 नोव्हेंबर 2025 ला वरळीच्या हिट अँड रन प्रकरणात, मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सुप्रीम कोर्ट आणखी पुढे गेलं: गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची, अटक झालेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि त्याच क्षणी शक्य नसेल तर मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यायचीच.

त्यात 1 जुलै 2024 पासून बीएनएसएस आली. त्यात झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग कलम 105 ने बंधनकारक केलंय, ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं, आणि विनावॉरंट झडतीची कारणं लिहिलेली नोंद 48 तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे जायला हवी. पुण्याहून नेलेल्या पंचांसारखा प्रश्न यातून थोडा तरी सुटावा, अर्थात तो व्हिडिओ कुणी उघडून बघितला तर.

आता जी गोष्ट अजून तशीच राहिली आहे ती सांगतो. आरोपीला समजेल अशा भाषेत कारणं द्या हे ठरलं. पण रिमांड देणाऱ्या मॅजिस्ट्रेटला समजेल अशा भाषेत डायरी द्या असं बीएनएसएसच्या कलम 187 मध्ये कुठेही लिहिलेलं नाही, जुन्या 167 मध्येही नव्हतं. उद्या बेळगावहून कानडी एफआयआर आणि कानडी डायरी घेऊन टीम सांगलीला आली, किंवा हैदराबादहून तेलुगू कागद घेऊन नांदेडला आली, सीमेलगत हे नवीन नाही, तर आपल्या गावातल्या माणसाला रातोरात पाठवायचं की नाही हे तिथला मॅजिस्ट्रेट कशाच्या आधारावर ठरवणार? त्याच्या हातात फक्त दिल्ली हायकोर्टाचा हा निकाल आहे, जो महाराष्ट्रातल्या कोर्टावर बंधनकारक नाही, नुसता वजनदार दाखला म्हणून वकिलाला पुढे करता येतो. त्याविरुद्ध महाराष्ट्र सरकार ऑक्टोबर 2018 मध्येच सुप्रीम कोर्टात गेलं होतं. तेव्हा वकील मित्रांनो, ट्रान्झिट रिमांडला उभे राहाल तेव्हा जामिनाचा युक्तिवाद बाजूला ठेवून पहिली विनंती ही करा की डायरीच्या नोंदी साहेबांनी वाचल्या आणि कुठल्या भाषेत वाचल्या हे आदेशात लिहून घ्यावं, आणि भाषांतर नसेल तर ते येईपर्यंत प्रकरण त्याच दिवशी थोडं पुढे ठेवावं, 24 तास संपलेले नसतात तोवर तेवढी सवड जवळपास नेहमीच असते.